पंचाहत्तर रुपयांची शपथ

मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.चा पहिला निकाल १८६२ सालचा. पास झालेले चार जण: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आमच्या बी.एड. कॉलेजात इतिहासाचं अध्यापन शिकवताना मी विद्यार्थ्यांना विचारते, या चौघांचं पुढे काय झालं? रानडे म्हटलं की ‘न्यायमूर्ती’, भांडारकर म्हटलं की ‘इन्स्टिट्यूट’, आणि बाकीच्या दोघांना वर्ग गप्प. वागळे वकिलीत गेले. उरलेले तिघे मात्र कधी ना कधी फळ्यापुढे उभे राहिले आहेत. रानड्यांनी न्यायखात्यात स्थिरावण्याआधी एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी शिकवलं. भांडारकर सिंधमधल्या हैदराबादेत आणि मग रत्नागिरीला हायस्कूलचे हेडमास्तर होते. मोडक एल्फिन्स्टन हायस्कूलचे प्रमुख झाले. आपल्याकडचा पदवीधर विद्यापीठातून बाहेर पडला तो बराचसा शाळेच्याच दिशेनं.

यात त्यागबिग काही नव्हता. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारनं शिक्षणखातं उभं केलं, जिल्ह्याजिल्ह्यात हायस्कुलं काढली आणि तिथे इंग्रजी जाणणारी माणसं हवी होती. पगार सरकारी, बदली सरकारी, पेन्शन सरकारी. महसूल खात्यात कारकून झालो तर साहेबापुढे उभं राहायचं, इथे निदान मुलं आपल्यापुढे उभी राहतात, एवढाच फरक. अडचण पुढे होती. भांडारकरांसारखा संस्कृत पंडित एल्फिन्स्टनमध्ये हंगामी प्राध्यापक म्हणून शिकवत असताना कायमची जागा पीटर पीटरसन या विलायतेहून आलेल्या गृहस्थांना मिळाली. भांडारकर पुढे डेक्कन कॉलेजात गेले, कीर्ती मिळवली, ते सगळं खरं. पण सरकारी शिक्षकीत वरचं छप्पर कुठे आहे, ते तोवर सगळ्या शिकलेल्या मुलांना दिसून चुकलं होतं.

मग १८८० साल आलं, आणि ‘शिक्षक का व्हायचं?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात एक नवं उत्तर मिळालं. ते इतकं भारदस्त होतं की त्याच्या ओझ्याखालून आपण अजून निघालेलो नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. पुण्याहून त्यांची रत्नागिरीला बदली झाली. ‘निबंधमाला’ लिहिणारा माणूस फार काळ सरकारी चाकरीत रमणार नव्हताच, त्यांनी १८७९ मध्ये नोकरी सोडली. तिकडे डेक्कन कॉलेजच्या खोल्यांत बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्या चर्चा चालल्या होत्या. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची. दोघे चिपळूणकरांना भेटले आणि जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. वामन शिवराम आपटे आले, माधवराव नामजोशी होतेच. आगरकर एम.ए. व्हायचे होते, ते वर्षभरानं रुजू झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. सोसायटीचा आजीव सदस्य व्हायचं म्हणजे वीस वर्षं संस्थेला द्यायची. पगार पुढे महिना ७५ रुपये ठरला, आणि मागे राहणाऱ्यांसाठी विम्याची सोय. विलायतेहून येणारा प्राध्यापक सरकारी कॉलेजात ५०० रुपयांवर सुरुवात करत होता, त्या काळातली ही गोष्ट.

आगरकरांनी एम.ए. होण्याच्या सुमारास आईला लिहिलेलं पत्र शाळेच्या पुस्तकांतून आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं. मोठ्या परीक्षा देणारा मुलगा आता मोठ्या पगाराची जागा धरील अशी तुझी आशा असेल, पण मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे, असा त्याचा आशय. मी ते वर्गात मोठ्यानं वाचते. वाचताना दर वेळी माझं मन कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात त्या माउलीकडे जातं. तिच्या मुलानं एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालत कॉलेज केलं, अशी त्याची कीर्ती. त्याच्या परीक्षांवर तिनं काय काय आशा बांधल्या असतील! पत्र लिहिणाऱ्याचा त्याग आपण पाठ करतो. ज्या घरात ते पत्र पोचलं, त्या घराचा त्याग कुणी मोजला नाही. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. शाळा काढायच्या बेतात सुरुवातीला हो म्हणणारे आणखीही होते, त्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. मला त्या माणसांविषयी जरा मायाच वाटते. कुणाच्या घरी बहिणीचं लग्न असेल, कुणाच्या डोक्यावर कर्ज असेल.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं घर याहून वेगळं नव्हतं. वडील गेल्यावर थोरल्या भावानं, गोविंदरावांनी, महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये शिकणाऱ्या धाकट्याला पाठवले. १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालेला हा मुलगा वकील होईल, नाहीतर सरकारात चढेल, असं कुणालाही वाटावं. तो पुढच्या वर्षी न्यू इंग्लिश स्कुलात मास्तर झाला आणि मग आजीव सदस्य. कॉलेजात गणित पडलं तर गणित, इंग्रजी पडलं तर इंग्रजी, इतिहास-अर्थशास्त्र पडलं तर तेही. जे सांगाल ते शिकवणारा प्राध्यापक अशी त्यांची थट्टा व्हायची. वीस वर्षांचा शब्द त्यांनी बहुतेक सगळा पाळला, १९०२ मध्ये निवृत्त झाले.

आता जरा हिशेबाकडे येऊ, कारण खुद्द त्या मंडळींचं भांडण हिशेबावरूनच झालं. पंचाहत्तरमध्ये संसार भागतो का? भागत नसेल तर पगार वाढवायचा, की आजीव सदस्यानं बाहेर काही कमवायचं? टिळकांचं म्हणणं जेझुइट पाद्र्यांसारखं कडक: सगळा वेळ, सगळी कमाई संस्थेची. आगरकर, गोखले आणि इतर काही जण म्हणत की घरात खाणारी तोंडं वाढली आहेत, माणसानं जगायचं कसं. त्यात सुधारणेचा वाद होताच, शिवाय गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, यावरही टिळकांचा आक्षेप. १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी सोसायटी सोडली. पुढे त्यांनी कायद्याचे वर्ग चालवले, लातूरला सरकी काढायच्या कारखान्यात भागी घेतली. सोसायटीत राहिलेल्यांपैकी आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश त्याच १८९० मध्ये निघाला, गोखल्यांचं अंकगणिताचं पुस्तक पुढे शाळाशाळांतून लागलं आणि त्याचे पैसेही त्यांना बरे मिळाले. शपथ घेणाऱ्यांना खर्च होते, भूक होती, पुस्तकं खपावीत अशी इच्छा होती. हे सांगितल्यानं त्यांची उंची कमी होते असं मला वाटत नाही. उलट ७५ रुपयांवर राहायला खरंच किती ताकद लागत असेल ते त्यातून कळतं.

त्यांच्या निवडीचं खरं वजन वेगळ्या जागी आहे. टिळक एलएल.बी. होते. आगरकर एम.ए. होऊन कुठल्याही सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर होऊ शकत होते. मुन्सफ, मामलेदार, वकील, सगळे दरवाजे उघडे होते, आणि ते त्यांनी आपल्या हातानं लावून घेतले. त्याग मोजायचा तो हातचं काय सोडलं त्यावरून. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, पहिले भारतीय. त्यांना काय मिळालं नसतं? पण विलायतेला जाण्याआधीच फर्ग्युसनला शब्द दिलेला होता. ते परत आले, १९०२ मध्ये प्राचार्य झाले आणि पुढे वीसेक वर्षं तिथेच राहिले. शब्द देताना ते कोवळ्या वयाचे होते, रँग्लर झाल्यावर तो मोडला असता तर लोकांनी दोन दिवस नावं ठेवली असती आणि विसरले असते.

याच पुण्यात, न्यू इंग्लिश स्कूल सुरू होऊन तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे आपलं निवेदन ठेवलं. शिक्षक कोणी व्हावं यावर त्यात जे आहे ते मला आमच्या सगळ्या शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा जास्त व्यवहारी वाटतं. प्राथमिक शाळांचे मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करा, म्हणजे ते त्या लोकांत मिसळतील. नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाहीत अशी माणसं हवीत. आणि त्यांना पगार बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नका, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या. शिक्षकाला गावात मान हवा असेल तर चांगला पगार द्या, इतकं सरळ. चार मैलांच्या आत एकाच शहरात दोन गट शिक्षकाविषयी बोलत होते. एक गट पगार किती कमी घ्यायचा हे ठरवत होता, दुसरीकडे हा माणूस तो किती वाढवायचा याचा आकडा सांगत होता. दोघांचंही बरोबर होतं. ज्याच्यापुढे मामलेदारी होती त्याला शाळा म्हणजे खाली उतरणं. ज्याच्यापुढे औत होतं त्याला शाळा म्हणजे वर चढणं.

या चढण्याची एक गोष्ट पाचवीसहावीच्या मुलांनाही माहीत असते, फक्त अर्धी. धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडहून परीक्षा द्यायला कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला पायी आले, शंभर मैलांहून जास्त चालले, आणि वयानं लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. मुलांना पायपीट आठवते. परीक्षा कसली होती ते कुणी विचारत नाही. ती सहावीची, ‘पब्लिक सर्व्हिस’ची परीक्षा होती. पास झालं की सरकारी नोकरीचा दरवाजा किलकिला व्हायचा, आणि मराठी शिकलेल्या गरीब पोराच्या दृष्टीनं तो बहुधा कारकुनीचा नाहीतर शाळामास्तरकीचा असायचा. म्हणजे ज्यांना पुढे महाराष्ट्रानं महर्षी म्हटलं, ते वयाच्या सतराव्या वर्षी घाट चढत होते ते एका साध्या नोकरीसाठी. सदाशिव पेठेत एमपीएससीची पुस्तकं पुढ्यात घेऊन बसलेल्या पोरांना ही गोष्ट अशी सांगितली तर ती त्यांची वाटते. हेच कर्वे मुंबईत शाळा, शिकवण्या करून बरे पैसे मिळवत असताना १८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्ग्युसनला गणित शिकवायला आले आणि आजीव सदस्य झाले. एकाच माणसानं आधी चढण पाहिली, मग उतरण.

बायकांचं गणित आणखी निराळं. पुण्यात सरकारी फीमेल ट्रेनिंग कॉलेज १८७० पासून होतं. पण त्या काळी शिक्षिका व्हायला येणाऱ्या कित्येक जणी विधवा किंवा टाकलेल्या. केशवपन झालेली, माहेरी भावजयीच्या हाताखाली राबणारी तरुण बाई स्वतःचे चार पैसे मिळवून मानानं राहू शकेल, असे दोनच मार्ग समाजाला कसेबसे चालत होते, शिकवणं आणि शुश्रूषा. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, कर्व्यांचं हिंगणं, १९०९ नंतर पुण्याचं सेवासदन, या सगळ्यांच्या मागे हा पोटाचा प्रश्न आहे. आज आपण त्यांच्याविषयी बोलतो ते ज्ञानदान, समाजसेवा अशा शब्दांत. त्या बायकांना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, स्वतःची चूल मांडता आली, त्यासाठी आलो.

कॉर्नेलिया सोराबजी तर विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर, पुण्याच्याच डेक्कन कॉलेजची, १८८७ ची. विलायतेला जायची शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली, तेव्हा अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात, पुरुषांच्या वर्गांना, इंग्रजी शिकवत राहिली, आणि पुढे ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकली. तीस वर्षांनी भीमराव आंबेडकरांनी तेच केलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपून लंडनचं शिक्षण अर्धं टाकून यावं लागलं होतं. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा धरली, महिना ४५० रुपये, आणि काटकसर करून १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. शिक्षकी ही त्यांच्यासाठी पुढच्या प्रवासाची पुंजी होती. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी कुरबूर केली. पुंजी जमली की नोकरी सोडायची, हे आधीपासून ठरलेलं. म्हणून त्यांनी कमी शिकवलं असं कुणी म्हणत नाही. त्याच माणसानं १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, आणि सिद्धार्थ, मिलिंद कॉलेजांतून शेकडो जणांना शिक्षक होण्याची वाट करून दिली.

माझ्या मुलखात, साताऱ्याकडे, हे सगळं भाऊराव पाटलांपाशी येऊन मिळतं. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग. शाळा काढायच्या तर मास्तर कुठून आणायचे? पुण्याचा पदवीधर पाटण-जावळीच्या डोंगरात टिकणार नव्हता. अण्णांनी, म्हणजे भाऊरावांनी, मास्तर घरीच तयार केले. १९३५ मध्ये शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५५ मध्ये पदवीधरांच्या बी.एड.साठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन. बोर्डिंगात भाकरी थापून, विहिरी खणून शिकलेली पोरं बी.ए., एम.ए. झाली आणि अण्णा सांगतील त्या गावी हेडमास्तर म्हणून गेली. पी. जी. पाटील लंडनहून बॅरिस्टर होऊन आले ते वकिलीसाठी मुंबईत थांबले नाहीत, साताऱ्याच्या कॉलेजात आले, प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. संस्थेत आजीव सेवक होतेच, पुण्याची आठवण करून देणारी पद्धत. पण इथे शपथेमागे ऋण होतं. ज्या ताटात जेवलो ते ताट पुढच्या पोराला मिळावं, इतकं साधं. ‘शिक्षक का झालात?’ असं मी रयतेतल्या जुन्या पिढीच्या मंडळींना विचारलं तर बहुतेकांचं उत्तर दोन शब्दांत यायचं: अण्णांनी पाठवलं.

माझे वडील मात्र कुणी पाठवल्यामुळे मास्तर झाले नाहीत. ते फायनल पास. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झाली की त्या काळी शाळेवर लागता यायचं. लोकल बोर्डाच्या शाळेत लागले, मग पीटीसी केलं, १९६२ मध्ये जिल्हा परिषद झाली तेव्हा आपोआप तिचे झाले. गावात त्यांना गुरुजी म्हणत. मनिऑर्डरी वाचायच्या, मुंबईला गेलेल्यांना पत्रं लिहायची, भावकीच्या वाटणीत सातबारा वाचून दाखवायचा, जनगणनेला दारोदार फिरायचं. मी कॉलेजात असताना मोठ्या भक्तिभावानं त्यांना विचारलं होतं, तुम्ही हा पेशा का निवडलात? त्यांनी तंबाखूचा बार ओठाखाली सारला आणि म्हणाले, ‘‘म्हैन्याच्या म्हैन्याला रोख. शेतात रोख पैसा कवा दिसला न्हाई बाय.’’ तेव्हा मी हिरमुसले. त्या उत्तराचं मोल मला पुढे कळलं. रोख पैशामुळे आम्ही तिन्ही भावंडं शिकलो, आणि पहाटे पाचला उठून चौथीच्या स्कॉलरशिपची मुलं घरी बसवून शिकवण्यात गुरुजींनी त्या रोख पैशापोटी तसूभरही कमी केलं नाही.

साठच्या दशकानंतर पदवीधर शिक्षकांची लाट आली. १९५९ मध्ये इ.बी.सी. सवलत सुरू झाली, गरिबाच्या पोराची फी माफ झाली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. तालुक्याच्या गावी कला शाखेची कॉलेजं निघाली आणि एसटीनं येऊन-जाऊन बी.ए. होणारी पहिली पिढी तयार झाली. ती जाणार कुठे? कारखाना, बँक, एसटी, पोलीस, आणि शाळा. बी.ए., बी.एड. ही जोडी घरोघर बोलली जाऊ लागली. १९७७ मध्ये खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला, १९८१ मध्ये त्याचे नियम. त्याआधी संस्थाचालकाच्या मर्जीवर मास्तर राहायचा आणि जायचा. आता नेमणुकीला, पगाराला, काढून टाकायला नियम आले. कोणत्याही भाषणापेक्षा या कायद्यानं जास्त पदवीधरांना शिक्षकीत आणलं असेल, असं माझं मत आहे. त्यांना ‘पगारासाठी आलेले’ म्हणून हिणवणारे प्राध्यापक मी पाहिलेत, स्वतः वेतन आयोगाच्या फरकाची वाट बघणारे.

याच सुरक्षिततेला मग बाजारभाव आला. जागा कायमची, म्हणून तिची किंमत. कुणाचं शेत गेलं, कुणाच्या बायकोचे दागिने. कुठल्या संस्थेत किती, ते सांगायची गरज नाही, ज्यांनी दिले त्यांना माहीत आहे. आमच्याच कॉलेजातून पहिल्या वर्गात बाहेर पडलेली मुलं ‘सर, किती सांगतात?’ असं एकमेकांना फोनवर विचारताना मी ऐकली आहेत. इकडे विनाअनुदानित शाळांत मास्तर वर्षानुवर्षं अनुदानाची वाट बघत राहिला, शेजारच्या दुकानात संध्याकाळी हिशेब लिहीत.

आणि सरकारनं? सरकारनं २००० साली पहिली तीन वर्षं मानधनावर ठेवायची पद्धत आणली आणि त्या नोकराला नाव दिलं शिक्षणसेवक. प्राथमिकचं मानधन कित्येक वर्षं सहा हजार, माध्यमिकचं आठ हजार होतं. २०२३ मध्ये ते सोळा आणि अठरा हजार झालं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. २०१२ पासून भरती जवळपास थांबली. २०१३ मध्ये टीईटी, २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. पोर्टलमुळे गुणांवर नेमणुका झाल्या, पैसे न देता गरीब घरची मुलं लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण संचमान्यता, बिंदुनामावली, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन यांत वर्षं जातात. कॉलेजात नेट-सेट झालेला माणूस तासिका तत्त्वावर तासाला इतके रुपये मोजत चाळिशीला येतो. या सगळ्यांना भाषणातून ऐकवलं जातं ते टिळक-आगरकर. पाच सप्टेंबरला हार घालून ७५ रुपयांची गोष्ट सांगायची आणि सहा तारखेला मानधन तीन महिने थकलेलंच. टिळकांनी ती शपथ स्वतः घेतली होती. दुसऱ्याच्या वतीनं ती घेण्याचा अधिकार कुणाला नव्हता आणि नाही.

प्रवेश झाले की मी मुलांकडून एक पानभर लिहून घेते: मी शिक्षक का होणार? येणारी उत्तरं मला आता तोंडपाठ आहेत. शिक्षक समाजाचा कणा. पिढी घडवणं. साने गुरुजी तर हमखास येतात. एम.ए. होऊन अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारा, वसतिगृहातल्या मुलांचं सगळं करणारा आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेलेला माणूस. त्यांनी शाळेत सहा वर्षंच काढली, हे मात्र लिहिणाऱ्यांच्या गावीही नसतं. ही पानं खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. विचारणाऱ्याला काय ऐकायचं आहे ते मुलांना कळतं, शाळेत पंधरा वर्षं काढून एवढं तर येतंच.

म्हणून गेल्या काही वर्षांपासून मी प्रश्न बदलला. शिक्षक झाला नसतात तर तुमच्यापुढे दुसरं काय होतं, ते लिहा. पानं लगेच निराळी झाली. एकानं लिहिलं, पोलीस भरतीत धावणं झालं, छाती एक सेंटिमीटरनं कमी पडली. एकीनं लिहिलं, लग्न, बी.एड.ला नाव घातलं म्हणून दोन वर्षं पुढे ढकललं. एमपीएससीची पूर्व तीनदा निघालेला, मुख्यला अडकलेला एक जण, वडील आता पैसे पाठवायचं थांबवतील म्हणून आलेला. एक मुलगी पुण्यात आयटी कंपनीत होती, सोडून आली. घरचे बोलत नाहीत, असं तिनं लिहिलंय आणि खाली, मला अपूर्णांक शिकवायला आवडतात. दोन एकर जिरायत आणि भाऊ दोन, असं एकानं एकाच ओळीत संपवलं.

त्या आयटीवाल्या मुलीचं पान मी आगरकरांच्या पत्राशेजारी ठेवलं. दोन एकरवाल्याचं वडिलांच्या बोलण्याशेजारी. वर्गात पुढच्या तासाला ही सगळी पानं, नावं झाकून, वाचून दाखवली आणि विचारलं, यांपैकी कोण चांगला शिक्षक होईल? बराच वाद झाला. पोलीस भरतीवाला म्हणाला, ‘‘मॅडम, ते पाठ घेतल्याशिवाय कसं सांगणार?’’ सराव पाठांचं वेळापत्रक तसंही लावायचंच होतं. सोमवारी सातवी ‘ब’ वर पहिला पाठ त्याचाच ठेवला.